नववे परिशिष्ट: कूळ कायदा आणि मिसा एकाच यादीत कसे आले?

गिरणाकाठ (भडगाव)

पीककर्जाच्या कामासाठी नुकताच सातबारा काढला. 'इतर हक्क' या रकान्यात नेहमीची नोंद आहेच: कूळ कायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र. ही जमीन आजोबा कूळ म्हणून कसत होते. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी ते कायद्याने मालक मानले गेले, पुढे ३२ ग खाली किंमत ठरली, हप्ते फिटले आणि ३२ म चे प्रमाणपत्र हाती आले. खानदेशातल्या हजारो घरांचा इतिहास याहून फारसा वेगळा नसेल. त्या नोंदीमागे जी घटनादुरुस्ती उभी आहे, तिच्याविषयी येथे सविस्तर चर्चा व्हावी, म्हणून हा धागा काढत आहे.

राज्यघटना २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आली, तेव्हा मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांमध्ये होता. जमीनदार न्यायालयात गेले आणि मार्च १९५१ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने बिहारचा जमीन सुधारणा कायदा समानतेच्या हक्काचा भंग करतो म्हणून रद्द ठरवला. त्यानंतर काही महिन्यांतच, जून १९५१ मध्ये, पहिली घटनादुरुस्ती झाली. तिने अनुच्छेद ३१ अ आणि ३१ ब घातले आणि घटनेला नववे परिशिष्ट जोडले. ३१ ब चा आशय थोडक्यात असा की, या परिशिष्टाच्या यादीत ज्या कायद्याचे नाव येईल, तो मूलभूत हक्कांशी विसंगत आहे या कारणावरून रद्द होणार नाही. एखाद्या न्यायालयाने तो आधीच रद्द ठरवला असला तरीही नाही. सुरुवातीला या यादीत १३ कायदे होते. पहिला बिहारचा, आणि दुसरा आपला, म्हणजे मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायदा, १९४८.

इथवरची हकिगत आमच्या घरासाठी न्यायाची आहे, आणि ती मी कृतज्ञतेनेच सांगतो. मात्र यादी पुढे वाढत गेली. ऑगस्ट १९७५ मध्ये, आणीबाणी चालू असताना, ३९वी घटनादुरुस्ती झाली आणि यादीत ९२ व्या क्रमांकावर अंतर्गत सुरक्षा कायदा, म्हणजेच मिसा, जाऊन बसला. पुढच्या वर्षी १३० व्या क्रमांकावर 'आक्षेपार्ह' मजकुराच्या प्रकाशनाला बंदी घालणारा कायदा आला. ज्या तरतुदीने कूळ कायद्याला संरक्षण दिले, तिच्याच आधाराने माणसाला खटल्याविना डांबणारा आणि वर्तमानपत्रांचे तोंड बांधणारा कायदा न्यायालयाच्या तपासणीबाहेर ठेवला गेला. ४४ व्या घटनादुरुस्तीने, १९७८ साली, या दोन्ही नोंदी आणि त्यांच्याबरोबर ८७ व्या क्रमांकावरचा लोकप्रतिनिधित्व कायदा यादीतून काढले. बाकीची यादी कायम राहिली; तिचा शेवटचा क्रमांक आज २८४ आहे.

माझे म्हणणे असे आहे. घटनादुरुस्ती चांगली की वाईट हे आपण बहुतेक वेळा तिच्या हेतूवरून ठरवतो. ती व्यक्तीसाठी न्यायालयाचे दार उघडे ठेवते की बंद करते, हा निकष मला अधिक खात्रीचा वाटतो. चांगल्या कामासाठी बंद केलेले दार पुढच्या सत्ताधाऱ्यालाही बंदच सापडते, आणि त्याने ते कशासाठी वापरावे यावर आपला काही ताबा राहत नाही. जाणकारांनी यावर लिहावे.

पांझरातीर (धुळे)

गिरणाकाठ यांनी मांडलेला क्रम बरोबर आहे, परंतु १९७८ वर थांबल्यामुळे चित्र आजच्यापेक्षा अधिक काळे दिसते. दार आता पूर्वीसारखे बंद नाही.

२४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायमूर्तींच्या पीठाने ७ विरुद्ध ६ अशा मताने निर्णय दिला की, संसद घटनेच्या कोणत्याही भागात दुरुस्ती करू शकते, मूलभूत हक्कांच्या भागातही करू शकते, मात्र घटनेची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. त्याआधी १९६७ च्या गोलकनाथ निकालाने मूलभूत हक्कांना संसदेचा हातच लागू नये अशी भूमिका घेतली होती आणि १९७१ च्या २४ व्या दुरुस्तीने ती उलटवली होती. दोन टोकांच्या मधली वाट केशवानंद निकालाने काढली. ३९ व्या दुरुस्तीतला पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेणारा भाग याच तत्त्वावर नोव्हेंबर १९७५ मध्ये, म्हणजे आणीबाणी ऐन भरात असताना, रद्द झाला.

नवव्या परिशिष्टाचा प्रश्न तर थेट आपल्या राज्याच्या कायद्यावरून पुढे गेला. वामनराव खटल्यात आव्हान होते ते महाराष्ट्राच्या शेतजमीन कमाल धारणा कायद्याला. कायदा टिकला, परंतु न्यायालयाने एक तारीख आखून दिली: २४ एप्रिल १९७३ नंतर परिशिष्टात घातलेला प्रत्येक कायदा मूलभूत चौकटीच्या कसोटीवर तपासता येईल. २००७ च्या कोएल्हो निकालात नऊ न्यायमूर्तींनी ते एकमताने पक्के केले. आज एखादे आरक्षण किंवा एखादा कायदा 'नवव्या परिशिष्टात टाका म्हणजे प्रश्न मिटेल' अशी मागणी महाराष्ट्रात वारंवार होते आणि तमिळनाडूच्या ६९ टक्क्यांचे उदाहरण दिले जाते. मागणी करणाऱ्यांनी कोएल्हो निकाल लक्षात घ्यायला हवा, कारण परिशिष्टात नाव घातल्याने आता संपूर्ण संरक्षण मिळत नाही.

कापूसपट्टा (शिंदखेडा)

पांझरातीर भाऊ, आपण सांगितलेल्या त्या तारखेच्या आधीचे जे कायदे राहिले त्यांचे काय, हा आमचा प्रश्न आहे. मी शेतकरी चळवळीत वाढलो आहे आणि आमच्या मते नवव्या परिशिष्टाचा सर्वांत मोठा भार शेतकऱ्यानेच वाहिला आहे.

१९६१ चा कमाल धारणा कायदा १७ व्या दुरुस्तीने, १९६४ साली, परिशिष्टात गेला. १९७५ मध्ये मर्यादा आणखी खाली आली: बारमाही पाण्याच्या जमिनीला १८ एकर, कोरडवाहूला ५४ एकर. तापीच्या दक्षिणेला आमच्याकडे पाऊस किती अनिश्चित असतो हे येथे सर्वांना ठाऊक आहे. शेतीच्या उत्पन्नावर कायद्याने मर्यादा पडली, कारखानदाराच्या किंवा व्यापाऱ्याच्या मालमत्तेवर तशी मर्यादा पडली नाही, आणि ही विषमता आहे असे म्हणत न्यायालयात जाण्याची सोय मात्र परिशिष्टाने काढून घेतली. अत्यावश्यक वस्तू कायदाही ४० व्या दुरुस्तीने, १९७६ साली, त्याच यादीत गेला. साठ्यावर मर्यादा आली की कांद्याचे आणि डाळीचे भाव पडतात, तो या कायद्याचा प्रताप. त्यावर शेवटी ४४ व्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांमधून काढूनच टाकला. आपण सर्वजण या दुरुस्तीचे गुणगान करता, परंतु मिसाला यादीतून काढणाऱ्या त्याच दुरुस्तीने शेतकऱ्याच्या जमिनीवरचा मूलभूत हक्क संपवला, हेही लिहिले गेले पाहिजे.

नर्मदाखोरे (अक्राणी)

कापूसपट्टा दादा, आपले दुःख मी नाकारत नाही, परंतु आमच्या डोंगरातून हाच इतिहास निराळा दिसतो आणि तोही या धाग्यात यायला हवा.

शहादा, तळोदा, नवापूर या भागांतल्या भिल्ल, पावरा, कोकणी कुटुंबांच्या जमिनी मालमत्तेचा हक्क मूलभूत असतानाच्याच काळात गेल्या. सावकाराने दिलेले दोन पोती धान्य, त्यावर चढलेले व्याज, कोऱ्या कागदावरचा अंगठा आणि मग तालुक्याच्या गावी झालेले खरेदीखत, असा तो क्रम होता. कागद कायदेशीर असल्यामुळे न्यायालयाचे दार उघडे असूनही त्या दारातून आमच्या माणसाला काही मिळत नव्हते. उलट खरेदीदारालाच त्या दाराचा उपयोग होता. १९७० नंतरच्या वर्षांत शहाद्याच्या परिसरात अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटनेच्या कार्यकर्त्यांनी जो लढा उभारला, तो याच जमिनींसाठी होता.

त्या काळात आदिवासींच्या जमिनी परत देणारा १९७४ चा कायदा आला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या मुदतीत आदिवासीकडून बिगर-आदिवासीकडे गेलेली जमीन मूळ मालकाला परत मिळावी, अशी त्यात तरतूद आहे. कृषक दिनाची तीच तारीख येथेही आहे, हे गिरणाकाठ यांच्या लक्षात आले असेल. खरेदीदारांनी या कायद्याला सर्वोच्च न्यायालयापर्यंत आव्हान दिले. लिंगप्पा पोचन्ना खटल्यात न्यायालयाने आव्हान ऐकले, तपासले आणि कायदा उचलून धरला. दुबळ्याकडून सबळाकडे झालेला व्यवहार कागदावर बरोबर असला तरी तो फिरवण्याचा अधिकार विधिमंडळाला आहे, असे न्यायालयाने मानले.

म्हणून 'व्यक्तीचा हक्क' असे म्हणताना कोणत्या व्यक्तीचा, हे विचारण्याची मला सवय लागली आहे. एकाच गटनंबरावर खरेदीदाराचा एक हक्क असतो आणि ज्याची जमीन लाटली गेली त्याचाही एक असतो. घटनेने फक्त पहिला हक्क लिहून दुसरा सोडून दिला असता, तर मूलभूत हक्क हे ज्यांच्याकडे आधीच काहीतरी आहे त्यांच्यापुरतेच राहिले असते. दारे बंद करणे धोक्याचे आहे, हे गिरणाकाठ यांचे म्हणणे मला पटते; परंतु १९५१ साली ते दार बंद केले नसते, तर तुमच्या आजोबांचा खटला अजूनही चालू असता, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

गिरणाकाठ (भडगाव)

ताई, आपला शेवटचा आक्षेप सर्वांत कठीण आहे, म्हणून आधी त्याकडे येतो.

१९५१ साली सरकारपुढे दोन मार्ग होते असे मी मानतो. ३१ अ हा अनुच्छेद जमीन सुधारणेच्या कायद्यांचा एक वर्ग ठरवतो आणि त्या वर्गाला संरक्षण देतो. कायदा खरोखर त्या वर्गातला आहे की नाही, हे न्यायालय तपासू शकते. ३१ ब मध्ये तसा वर्गच नाही. तेथे फक्त यादी आहे आणि यादीत नाव असणे एवढीच पात्रता आहे. कूळ कायद्याची १९५६ ची दुरुस्ती, जिच्यामुळे माझे आजोबा मालक झाले, तिलाही आव्हान दिले गेले होते आणि सर्वोच्च न्यायालयाने ती ३१ अ च्या आधारे टिकवली. म्हणजे जमीन कुळाला मिळण्यासाठी विषयाने बांधलेले संरक्षण पुरेसे ठरले. मिसा ३१ अ मध्ये कधीच बसला नसता. त्याला यादीचीच गरज होती.

कापूसपट्टा भाऊंसाठी एक गोष्ट, जी मला स्वतःला फार महत्त्वाची वाटते आणि जिची आपल्या चळवळींमध्ये पुरेशी चर्चा होत नाही. ज्या १७ व्या दुरुस्तीने ४४ कायदे परिशिष्टात घातले, तिनेच ३१ अ ला एक परंतुक जोडले. एखाद्या कायद्याने वहितीची जमीन संपादन करायची असेल आणि ती शेतकऱ्याच्या स्वतःच्या कसणुकीतली, कमाल मर्यादेच्या आतली असेल, तर बाजारभावापेक्षा कमी मोबदला देणारा कायदा करता येणार नाही, असे ते परंतुक सांगते. ४४ व्या दुरुस्तीनंतरही ते घटनेत कायम आहे. मोठ्या जमीनदाराला न मिळालेले संरक्षण लहान कास्तकाराला घटनेने शब्दांत दिलेले आहे.

वकील_जळगाव

मी जिल्हा न्यायालयात भूसंपादनाची प्रकरणे पाहतो, म्हणून ४४ व्या दुरुस्तीने मालमत्तेच्या हक्काचे प्रत्यक्षात काय झाले, एवढ्यापुरतेच लिहितो.

हक्क संपला, हे विधान बरोबर नाही. तो अनुच्छेद १९ आणि ३१ मधून निघाला आणि ३०० अ मध्ये आला: कायद्याच्या प्राधिकाराशिवाय कोणाचीही मालमत्ता हिरावून घेता येणार नाही. तो आता मूलभूत हक्क नाही, घटनात्मक हक्क आहे. पक्षकाराच्या दृष्टीने सर्वांत मोठा फरक असा की, अनुच्छेद ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा मार्ग केवळ मूलभूत हक्कांसाठी आहे. ३०० अ चा भंग झाला, तर २२६ खाली उच्च न्यायालयात जावे लागते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे औरंगाबाद खंडपीठाकडे येतात. व्यवहारात ३२ खाली दिल्लीला जाणारा शेतकरी १९७८ पूर्वीही विरळाच होता, त्यामुळे सामान्य पक्षकाराचे नुकसान वाटते तितके झालेले नाही. धडगावच्या किंवा मोलगीच्या माणसाला मात्र खंडपीठही फार लांब आहे, आणि हक्काच्या संरक्षणात या अंतराचा विचार कोणत्याही दुरुस्तीने केलेला नाही.

आता न्यायालयांनी ३०० अ ला काय अर्थ दिला ते पाहा. हिमाचल प्रदेशातल्या एका निरक्षर विधवेची जमीन १९६७ मध्ये रस्त्यासाठी घेतली गेली. संपादनाची कारवाई झाली नाही, मोबदलाही दिला गेला नाही. इतकी वर्षे ताबा आमचाच आहे, तेव्हा प्रतिकूल ताब्याने जमीन आमची झाली, असे सरकारने सांगितले. जानेवारी २०२० मध्ये विद्यादेवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा बचाव फेटाळला आणि मोबदला द्यायला लावला. मे २०२४ मध्ये कोलकाता महापालिकेच्या प्रकरणात न्यायालयाने ३०० अ मध्ये कोणकोणते हक्क दडलेले आहेत ते मोजून सांगितले: नोटीस मिळण्याचा, म्हणणे ऐकले जाण्याचा, सकारण निर्णयाचा, सार्वजनिक प्रयोजन असल्याची खात्री मिळण्याचा, रास्त मोबदल्याचा, कारवाई वेळेत होण्याचा आणि ती शेवटाला जाण्याचा.

यातला वेळेचा हक्क मला सर्वांत मोलाचा वाटतो. माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणात संयुक्त मोजणीच्या वेळी शेतातली विहीर आणि लिंबाची झाडे पंचनाम्यातच आली नाहीत, त्यामुळे निवाड्यात त्यांचा पैसा धरला गेला नाही. वाढीव मोबदल्याचा दावा दाखल झाला, निकालही लागला. तोपर्यंत मूळ खातेदार वारला होता आणि वारसांची नावे लावण्यातच पुन्हा काळ गेला. त्या कुटुंबाच्या बाबतीत हक्क कोणत्या अनुच्छेदात आहे यापेक्षा पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी तो वाचून घेणे अधिक कामाचे ठरले असते. येथील वाचकांना माझी तीच विनंती आहे.

अमळनेरकर

या धाग्यात मिसाचा उल्लेख आला म्हणून लिहीत आहे. माझ्या वडिलांना आणीबाणीत या कायद्याखाली स्थानबद्ध केले होते. आई तेव्हा शिवणकामावर घर चालवत होती. पोलिसांनी पहाटे नेले तेव्हा अटकेची कारणे सांगितली नाहीत, आणि ती विचारण्यासाठी जाण्याजोगी जागाही उरलेली नव्हती. २७ जून १९७५ च्या आदेशाने अनुच्छेद १४, २१ आणि २२ यांच्या अंमलबजावणीसाठी न्यायालयात जाण्याचा हक्कच स्थगित झाला होता. नऊ उच्च न्यायालयांनी तरीही स्थानबद्धांचे अर्ज ऐकता येतात असे ठरवले. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जबलपूर खटल्यात ४ विरुद्ध १ मताने ते सर्व उलटवले. सुनावणीत न्या. खन्ना यांनी महान्यायवादींना विचारले होते की, एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैरापोटी कोणाचा जीव घेतला, तर त्यावरही उपाय नाही काय. आणि आणीबाणी असेपर्यंत नाही, अशाच अर्थाचे उत्तर त्यांना मिळाले. खन्ना यांनी एकट्याने भिन्नमत दिले आणि त्यांना डावलून कनिष्ठ न्यायमूर्तींना सरन्यायाधीश करण्यात आले. तो निकाल चुकीचा होता, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये, खासगीपणाच्या हक्काच्या निकालात स्पष्टपणे म्हटले.

वडील ज्या दुरुस्तीला आयुष्यभर मान देत राहिले ती ४४वी. तिने तीन गोष्टी केल्या. आणीबाणीसाठी 'अंतर्गत अशांतता' हे सैल कारण काढून 'सशस्त्र बंड' हे कारण घातले. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींना आणीबाणी घोषित करता येणार नाही असे केले. आणि अनुच्छेद २० व २१ यांच्या अंमलबजावणीचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही अशी तरतूद केली. गिरणाकाठ यांच्या निकषाने पाहिले, तर ही दार उघडणारी दुरुस्ती आहे, आणि तीही ज्यांनी बंद दाराचा अनुभव घेतला होता अशा संसद सदस्यांनी केलेली.

परंतु याच दुरुस्तीतले एक कलम आजही अमलात आलेले नाही. तिसरे कलम प्रतिबंधक स्थानबद्धतेचे आहे. स्थानबद्धतेला पुरेसे कारण आहे का हे तपासणाऱ्या सल्लागार मंडळाच्या मताशिवाय माणसाला तीन महिने ठेवण्याची जी मुभा अनुच्छेद २२ देतो, ती दोन महिन्यांवर आणणे, आणि ते मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीनुसार नेमणे, असे ते कलम सांगते. संसदेने ते मंजूर केले आहे. ते लागू करण्याची अधिसूचना तेवढी निघालेली नाही, आणि त्या काळात सर्व पक्षांची सरकारे दिल्लीत येऊन गेली.

हा केवळ जुन्या इतिहासाचा विषय आहे असे कोणी समजू नये. आपल्या जिल्ह्याच्या पानावर 'एमपीडीए अंतर्गत स्थानबद्ध' ही बातमी आपण नेहमी वाचतो. तो १९८१ चा राज्याचा कायदा आहे आणि त्याखाली एक वर्षापर्यंत खटल्याविना ठेवता येते. गुंडगिरी मोडली पाहिजे याबद्दल दुमत नाही. परंतु मंडळावर कोण बसणार हे सरकारने ठरवायचे की मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने ठरायचे, हा प्रश्न कोठडीतल्या माणसासाठी फार मोठा असतो.

केळीबाग (रावेर)

सहकाराचे एक उदाहरण जोडतो. आमच्या कुटुंबाच्या ठेवी एका पतसंस्थेत अडकल्या, तेव्हा ९७ व्या दुरुस्तीची माहिती झाली. २०११ च्या या दुरुस्तीने सहकारी संस्था स्थापन करण्याचा हक्क अनुच्छेद १९ मध्ये घातला आणि संस्थांच्या निवडणुका, लेखापरीक्षण व संचालकांची संख्या यांसाठी 'भाग नऊ ब' जोडला. त्यावर स्वाक्षरी करणाऱ्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील आपल्या जळगाव जिल्ह्याच्या. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांतर्गत संस्थांपुरता भाग नऊ ब रद्द ठरवला, कारण सहकार हा राज्य सूचीतला विषय आणि निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती घेतलेली नव्हती. १९ मधला हक्क राहिला. ठेवीदार म्हणून मला वाईट वाटले, कारण लेखापरीक्षणाची सक्ती घटनेतच असावी असे मला वाटत होते. तरीही हेतू चांगला म्हणून रीत सोडता येत नाही, हे मान्य करावे लागते.

विद्यार्थी_नंदुरबार

सर्वांचे लेखन फार उपयोगी आहे. एक प्रश्न विचारतो. सहकारासाठी निम्म्या राज्यांची संमती लागत असेल, तर अनुच्छेद २१, म्हणजे जीविताचा हक्क, बदलायला त्याहून अधिक कठीण रीत असेल ना? आणि उद्या संसदेने अनुच्छेद २१ काढूनच टाकला तर?

पांझरातीर (धुळे)

नाही, आणि हीच गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. अनुच्छेद ३६८ प्रमाणे निम्म्या राज्यांची संमती ज्या तरतुदींना लागते त्यांत राष्ट्रपतींची निवडणूक, केंद्र व राज्ये यांच्यातली अधिकारांची वाटणी, सर्वोच्च व उच्च न्यायालये, राज्यांचे संसदेतले प्रतिनिधित्व आणि स्वतः ३६८ यांचा समावेश आहे. मूलभूत हक्कांचा तिसरा भाग त्यांत नाही. म्हणजे दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांचे बहुमत मिळाले, की तुमच्या-माझ्या हक्कांचा मजकूर बदलता येतो. मुंबईच्या विधानसभेला त्यात काहीच विचारले जात नाही.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर केशवानंद निकालातच आहे, पण ते पक्के झाले १९८० च्या मिनर्व्हा मिल्स निकालाने. ४२ व्या दुरुस्तीने, १९७६ साली, ३६८ मध्येच अशी पोटकलमे घातली होती की संसदेच्या दुरुस्तीच्या अधिकारावर कोणतीही मर्यादा नाही आणि कोणतीही दुरुस्ती न्यायालयात नेता येणार नाही. न्यायालयाने ती दोन्ही रद्द केली. संसदेला मिळालेला दुरुस्तीचा अधिकार मर्यादित आहे आणि ही मर्यादाच चौकटीचा भाग आहे. मर्यादित अधिकार वापरून तो अमर्याद करून घेता येत नाही. त्यामुळे २१ वगळणारी दुरुस्ती टिकणार नाही असे मी खात्रीने म्हणेन. मात्र मूलभूत चौकटीत काय काय येते याची पूर्ण यादी न्यायालयाने कधीच दिलेली नाही, प्रत्येक प्रकरणात ते नव्याने ठरते. हे काहींना न्यायाधीशांच्या हाती दिलेला अतिरिक्त अधिकार वाटतो, आणि २०१५ मध्ये न्यायिक नियुक्ती आयोगाची ९९वी दुरुस्ती रद्द झाली तेव्हा हा आक्षेप जोरात पुढे आला. मला तो आक्षेप निराधार वाटत नाही, परंतु १९७६ आठवले की न्यायालयाकडे हा अधिकार असलेला बरा, असेच मी म्हणेन.

कापूसपट्टा (शिंदखेडा)

परंतुकाविषयी मला माहिती नव्हती. आमच्या अभ्यासवर्गात ते नक्की घेईन. तरीही माझा आग्रह राहतो. २४ एप्रिल १९७३ च्या आधीचे आणि नंतरचे, असा भेद नागरिकाच्या दृष्टीने न्याय्य नाही. नर्मदाखोरे ताईंच्या भागातला १९७४ चा कायदा न्यायालयाने तपासला आणि तो टिकला. मग कमाल धारणा कायदाही तपासू द्यावा. तो न्याय्य असेल तर टिकेल.

नर्मदाखोरे (अक्राणी)

दादा, तपासणीला माझी हरकत नाही. मात्र ती होईल तेव्हा वाटप झालेल्या जमिनींवर ज्यांची चूल पेटते त्यांनाही म्हणणे मांडू द्यावे, आणि त्यासाठी त्यांना वकील मिळावा. हे दोन्ही झाले तर मी आपल्या बाजूने उभी राहीन.

गिरणाकाठ (भडगाव)

या चर्चेतून एक काम हाती घेण्याजोगे दिसते, ते अमळनेरकर यांनी सांगितलेल्या तिसऱ्या कलमाचे. वकीलसाहेब, न्यायालयातून ते लागू करून घेता येईल काय?

वकील_जळगाव

तो प्रयत्न झालेला आहे. ए. के. रॉय खटल्यात राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखालच्या स्थानबद्धांनी हेच मागितले होते. कोणते कलम केव्हा लागू करायचे हे संसदेने केंद्र सरकारवर सोपवले आहे, त्यामुळे अधिसूचना काढण्याचा आदेश आम्ही देऊ शकत नाही, असे बहुमताने ठरले. म्हणून मार्ग संसदेचाच आहे. जळगाव, रावेर, धुळे आणि नंदुरबार या चारही मतदारसंघांच्या खासदारांना एकच प्रश्न लेखी विचारता येईल: ४४ व्या घटनादुरुस्तीचे कलम ३ लागू करण्याची अधिसूचना सरकार केव्हा काढणार आहे, आणि काढणार नसेल तर कारण काय. लोकसभेत हा अतारांकित प्रश्न म्हणून विचारला गेला, तरी सरकारला लेखी उत्तर द्यावे लागेल. निवेदनाचा मसुदा मी या आठवड्यात येथे टाकतो. अमळनेरकर, सल्लागार मंडळाविषयीचा परिच्छेद आपण लिहावा. आपल्या घरात तो अनुभव आहे.

अमळनेरकर

लिहितो. वडिलांच्या स्थानबद्धतेच्या आदेशाची प्रत घरात जपून ठेवलेली आहे. कारणांचा रकाना त्यात रिकामा आहे. निवेदनासोबत ती जोडता येईल का, हे वकीलसाहेबांनी कळवावे.